सेदरच्या मेजावर जेबीआयचा हग्गादा: कागदाला पैकीच्या पैकी

न्यूयॉर्कच्या जेबीआय ग्रंथालयाची ओळख बरेच जण 'अंधांना ज्यू पुस्तकं ऐकवणारी संस्था' अशी करून देतात. ती चुकीची नाही, पण अर्धीच आहे. ऐकायची पुस्तकं आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. जेबीआयचं मोल कळतं ते पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पहिल्या रात्री, सेदरच्या, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या मेजावर. आणि तिथं नेमकं ऐकायचं पुस्तक कामाला येत नाही.

सणाच्या रात्री धर्म पाळणाऱ्या घरात विजेचं बटण दाबत नाहीत, शब्बाथसारखंच, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखंच. कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, 'शनवार तेली' हे नाव पडलं ते शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा म्हणून. तोच नियम आज फोनला, ऑडिओ प्लेअरला आणि विजेवर ठिपके वर-खाली करणाऱ्या ब्रेल डिस्प्लेलाही लागतो. हग्गादा ही त्या रात्रीची पोथी. ती मेजाभोवती बसलेल्या सगळ्यांनी मिळून वाचायची असते. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात: कागदावरचं ब्रेल किंवा मोठा टाइप. जेबीआय दोन्ही देते आणि फुकट देते.

संस्था १९३१ ची, मूळ नाव ज्यूइश ब्रेल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका. हिब्रू बायबल पहिल्यांदा संपूर्ण ब्रेलमध्ये आलं तेही इथूनच, १९५० च्या सुमारास. त्यामुळे हिब्रू ब्रेलच्या बाबतीत यांच्या कामावर निर्धास्त विसंबावं.

मराठी ब्रेल वाचणाऱ्याला हिब्रू ब्रेल वाटतं तितकं परकं नाही. छापील हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे. ब, ग, द, ह, ल, म, न, र यांचे आपल्या भारती ब्रेलमधले ठिपके आणि हिब्रूतल्या बेत, गिमेल, दालेत, हे, लामेद, मेम, नून, रेश यांचे ठिपके अगदी तेच. श आणि शीनसुद्धा जुळतात. फसगत होते ती काही ठिकाणी. उदाहरणार्थ, आपला ज (ठिपके २-४-५) तिथं योद, म्हणजे य आहे. आणि आपला छ (१-६) तिथं घशातून काढायचा ख़ आहे. अशा खुणा आधी घोटून घ्याव्यात, बाकीचं बोट आपसूक शिकतं. छापील हिब्रूत स्वरांच्या खुणा बहुतेक अक्षराखाली असतात. ब्रेलमध्ये स्वराचं स्वतंत्र घर (सहा ठिपक्यांची चौकट) व्यंजनानंतर येतं, आपल्या मात्रेसारखंच. शिवाय बेत आणि वेत, पे आणि फे यांना वेगळे ठिपके आहेत, त्यामुळे उच्चार अंदाजानं करावा लागत नाही.

मेजावर गडबड होते ती वेगळ्याच गोष्टींनी. डोळस यजमान सवयीनं पुस्तक हिब्रू पद्धतीनं, उजवीकडून उघडेल असं ठेवतो. ब्रेल प्रत डावीकडून उघडते, म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती मलपृष्ठ येतं. दुसरी अडचण पानांच्या आकड्यांची. ब्रेलची पानं कुठल्याच छापील प्रतीशी जुळत नाहीत. 'चला, पान चौदा' अशी हाक निरुपयोगी. सेदरचे पंधरा टप्पे आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: कद्देश, उरहत्स, करपास असे क्रमानं. टप्प्याच्या नावानं हाक द्यावी. एकाच मेजावर तीन प्रकारच्या छापील प्रती असल्या (आणि असतातच) तर डोळसांचीही त्यानं सोय होते.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. इजिप्तवर आलेल्या दहा अरिष्टांची नावं घेताना बऱ्याच घरांत बोट द्राक्षरसात बुडवून दहा थेंब ताटलीत टाकतात. त्यासाठी तर्जनी वापरली की तेच ओलं बोट ठिपक्यांवर फिरतं आणि कागद फुगून ठिपके बसतात. करंगळी वापरावी, शेजारी कोरडा पंचा ठेवावा. पुस्तक मिठाच्या पाण्याच्या वाटीपासून दूर, शक्यतो मांडीवर किंवा बाजूच्या स्टुलावर. सण झाल्यावर मात्सोचा, म्हणजे सणाच्या बिनखमिराच्या रोटीचा चुरा मऊ ब्रशनं झाडावा आणि पुस्तक उभं ठेवावं. वर दुसरी पुस्तकं रचली तर पुढच्या वर्षी अर्धे ठिपके सपाट झालेले असतात.

मोठ्या टाइपची प्रत थोडं दिसणाऱ्यांसाठी. 'घरीच झेरॉक्स मोठी काढू' म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. ए४ वरून ए३ केलं की अक्षर १४१ टक्के होतं, म्हणजे १२ पॉइंटचं जेमतेम १७. मोठा टाइप साधारण १८ पॉइंटपासून सुरू होतो. त्यात हिब्रूचे स्वर म्हणजे बारीक ठिपके आणि रेघा: त्सेरेला दोन ठिपके, सेगोलला तीन, पताह आणि कामात्स यांच्यात फरक एवढ्याशा रेघेचा. झेरॉक्समध्ये ते फुटतात. नव्यानं मांडलेल्या प्रतीत हे स्वर ठसठशीत हवेत. पहिल्यांदा तेच तपासावं.

ऐकायच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या एनएलएस या अंध वाचकांसाठीच्या सेवेकडून प्लेअर उसना मिळतो, विनामूल्य. जेबीआयचं पुस्तक कार्ट्रिजवर येतं. ती आत सरकवली की प्लेअर आपोआप सुरू होतो. आवाज आला नाही तर बहुधा कार्ट्रिज पूर्ण आत गेलेली नसते. परत पाठवताना ज्या डबीतून आली त्याच डबीत घालावी, नाहीतर एका ग्रंथालयाची कार्ट्रिज दुसऱ्याकडे जाऊन पडते. टपालखर्च नाही. इंग्रजीशिवाय हिब्रू, यिद्दिश, रशियन, हंगेरियन पुस्तकंही आहेत. सेदरचं पठण आणि चाली सणाआधी ऐकून तयारी करायला हा साठा उत्तम.

सभासद होण्यासाठी पूर्ण अंधत्वाची अट नाही. कमी दिसणं, हातात पुस्तक न धरता येणं किंवा वाचनातली अक्षमता, यांपैकी काहीही चालतं. डॉक्टरचा किंवा तशा अधिकृत व्यक्तीचा दाखला लागतो. एक गोष्ट मात्र आधी ठरवावी: प्रत कुठल्या परंपरेची हवी आणि हिब्रू, इंग्रजी की दोन्ही. ब्रेल जागा खूप खातं, छापील एका पानाची अडीच-तीन पानं सहज होतात. सण मार्च-एप्रिलमध्ये येतो. मागणी जानेवारीतच टाकावी.

भारतात बसून हे मिळवायचं तर सरळ मार्ग संस्थेकडून संस्थेकडे. अंधांसाठीच्या प्रती देशोदेशी पाठवायला मोकळीक देणारा माराकेश करार सगळ्यांत आधी भारतानं मंजूर केला, २०१४ मध्ये; अमेरिकेत तो २०१९ ला लागू झाला. सुगम्य पुस्तकालय या भारतातल्या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाशी जोडलेल्या संस्थेचं सभासदत्व घेऊन तिच्यामार्फत मागणी करावी. पुस्तकाऐवजी बीआरएफ, म्हणजे छापायला तयार ब्रेलची फाइल मागितली तर वजनाचा प्रश्नच मिटतो, कारण तिच्यात नुसते ठिपके असतात. हिब्रू सॉफ्टवेअर नसलेल्या एम्बॉसरवरही (ब्रेलच्या प्रिंटरवर) ती छापता येते. मात्र छापताना ब्रेल भाषांतराचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर ठिपक्यांचे पुन्हा ठिपके होऊन कचरा हाती येतो. अमेरिकन फाइलची ओळ बहुधा ४० घरांची असते आणि ए४ कागदावर तीसच्या आसपासच मावतात. रुंद कागद नसेल तर ओळी आधी नव्यानं पाडून घ्याव्यात.

उरला मराठी हग्गादा. मुंबईत १८४६ ला आणि पुण्यात १८७४ ला मराठी अर्थासह हग्गादे निघाले आहेत. त्यांच्यावर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे ब्रेल करायला परवानगी लागत नाही. पण त्या जुन्या वळणाच्या पानांवर ओसीआर (चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवण्यात वेळ घालवू नये. मजकूर हातानं युनिकोडमध्ये टाइप करावा, मराठी भारती ब्रेलमध्ये आणि हिब्रू हिब्रू ब्रेलमध्ये वेगवेगळं बदलून घ्यावं आणि दोन्ही वेगळ्या खंडांत बांधावं. एकाच ओळीत दोन्ही आले तर योदचा ज होतो.