प्लिकर्सची कार्डं: टक्केवारी सोडा, कोणी कोणता पर्याय निवडला ते बघा

मी गणित शिकवते, त्यामुळे हे मत एका गणितवालीचं आहे असं समजूनच वाचा. भाषेच्या शिक्षकांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी प्लिकर्स ही वस्तू काय आहे ते सांगते. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर काळी चौकोनी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणाचं काय उत्तर ते अ‍ॅपमध्ये नोंदलं जातं. मुलांकडे काहीच उपकरण लागत नाही. अक्षरं बारीक आणि नक्षी वेगवेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून कार्ड फिरवण्यात काही हशील नाही. हात वर करायला सांगितलं की तेच तिघे-चौघे बोलतात; इथे मागच्या बाकावरच्यालाही काहीतरी ठरवावंच लागतं. छापताना कागद जाड आणि बिनचकाकीचा घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. बोट नक्षीवर आलं तरी तेच.

पण एवढ्यासाठी अ‍ॅप कशाला? चार रंगांचे कागद दिले तरी हेच होतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून जी पद्धत रुळवली, तिच्यात प्रश्न टाकायचा, उत्तरं बघायची, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर मुलांना आपसात वाद घालू द्यायचा आणि पुन्हा विचारायचं. याच पद्धतीत क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायची हातातली यंत्रं) वापरले काय आणि साधी कार्डं वापरली काय, शिकण्यात फरक पडत नाही, असं नॅथनियल लॅसरी यांना २००८ मध्ये दिसलं. मला ते सहज पटतं. त्या तासापुरतं बघायचं असेल तर रंगीत कागद घ्या आणि मोकळे व्हा. प्लिकर्सची खरी कमाई तास संपल्यावरची आहे: कोणी कोणता पर्याय निवडला, हे नावानिशी शिल्लक राहतं.

उदाहरण देते. सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय ०.६२, ०.७ आणि ०.३५८. काही मुलं ०.३५८ निवडतात, कारण दशांश चिन्ह विसरून ते ३५८ वाचतात. ०.७ निवडणाऱ्यांना प्रश्न आला म्हणून पुढे जावं, तर तिथे फसगत आहे. 'जितके अंक जास्त तितकी संख्या लहान', असं मनाशी धरलेली मुलंही ०.७ च निवडतात! म्हणून जोडीला दुसरा प्रश्न हवा: ०.५, ०.७३६ आणि ०.६२. इथे ३५८ वाली मुलं झोकात बरोबर येतात आणि दुसरी मंडळी ०.५ वर अडकतात.

आता अहवाल बघा. दोन्ही गटांना दोनपैकी एक गुण, ५० टक्के. आजार मात्र अगदी उलटे. टक्केवारीवरून गट पाडले तर ही मुलं एकाच कोपऱ्यात बसतील आणि एकाच उजळणीला लागतील. त्यामुळे अ‍ॅपमधल्या बरोबर-चूक दाखवणाऱ्या हिरव्या-लाल रंगांवर मी फार विसंबत नाही. गुणपत्रक उघडते आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वहीत चार रकाने भरते. हाताने. काही सहकाऱ्यांना हे हास्यास्पद वाटतं, वाटू दे.

थोडक्यात, पर्याय विचार करून लिहिले नसतील तर या कार्डांतून निघणारा विदा कचरा आहे. चुकीचा पर्याय हा एखाद्या खऱ्या चुकीच्या समजाचा पत्ता असायला हवा. जागा भरायला टाकलेली संख्या काहीच सांगत नाही. असे चांगले प्रश्न लिहायला वेळ जातो आणि अ‍ॅप त्यात तुम्हाला वाचवत नाही. मूल कसं मांडतं, पायऱ्या कुठे चुकतात, हे तर कार्डावर येतच नाही. त्याला वहीच तपासावी लागते. अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावं मी घालत नाही. हजेरी क्रमांक पुरतो.

पुढे शिकवायचं काय, हे रकान्यांवरून ठरतं. शून्यं जोडून ०.७००, ०.६२०, ०.३५८ करायला शिकवलं की दोन्ही गट लगेच बरोबर उत्तरं देतात, पण ती मुलं अजून ७०० आणि ३५८ च तोलत असतात. चूक गेली नाही, झाकली गेली. ३५८ वाल्यांना मी संख्यारेषेवर नेते. दुसऱ्यांना फक्त पहिलं घर बघायला लावते: ७ दशांश आधीच ५ दशांशांच्या पुढे गेले, मागे कितीही अंक असोत. मग दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न: ०.४ मोठी, ०.४० मोठी, की दोन्ही सारख्या? ०.४० म्हणणारे अजून पहिल्या गटात आहेत, ०.४ म्हणणारे दुसऱ्या.