घोड्याच्या नावाखाली गुरांचे मिनरल मिक्श्चर: पोते घेण्याआधी शिवण बघा

गोव्यातल्या बार्देश-पेडण्यात सवारीचे घोडे पाळणाऱ्या आम्हा काही जणांना एकाच विक्रेत्याने गंडवले. ‘घोड्यांचे खास इंपोर्टेड मिनरल, 15 दिवसांत खूर मजबूत’ असे सांगून 25 किलोची पोती तिप्पट दराने गळ्यात मारली. आत निघाले गुरांचे मिश्रण. पैसे बुडाले, इतरांचे वाचावेत, म्हणून सगळे खुलासेवार लिहीत आहोत.

खूण पोत्याच्या तोंडाशीच होती. कारखान्याच्या शिवणीला बहुधा सुईच्या भोकांची एकच ओळ असते. इथे दोन होत्या, म्हणजे जुनी शिवण उसवून पोते पुन्हा शिवलेले. घोड्याचे चित्र वरून चिकटवलेले. ओला हात फिरवताच कोपरा सुटला आणि खाली ‘आयएस 1664’ छापलेले दिसले. हे मानक गुरांच्या मिनरल मिक्श्चरचे आहे.

गुरांचे चालते ते घोड्याला चालेलच असे नाही. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध घालतात. गुरांना ते झेपते, पण घोड्याला वजनाच्या दर किलोमागे 2-3 मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकते. 350 किलोच्या घोड्याला जेमतेम ग्रॅमभर! ते हृदयाच्या स्नायूवर घाला घालते आणि त्यावर उतारा नाही. घोडा दाणा सोडतो, घामाघूम होतो, मागचे पाय लटपटतात. असे दिसले की तो खुराक तिथल्या तिथे थांबवा, घोड्याला चालवू नका, पशुवैद्यांना बोलवा. उघड्या पोत्यातला माल म्हणूनच घेऊ नये. आत काय मिसळले हे डोळ्यांना कळत नाही.

खुरांच्या दाव्याचे पाहा. खुराची भिंत महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढते. रोज 15-20 मिलिग्रॅम बायोटिन (खुरांसाठी देतात ते जीवनसत्त्व) दिले तरी नवे खूर जमिनीपर्यंत यायला 9 ते 12 महिने लागतात. नालबंदाला विचारा, तोही हेच सांगेल. 15 दिवसांत जे चमकते ते वरून लावलेले तेल.

पूरक खुराकाचा डबा हातात घेतला की ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचे खास मिश्रण) असे मोघम शब्द सोडून द्या आणि प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम, ते शोधा. सेलेनियम हे खनिज आवर्जून पाहा. 500 किलोच्या घोड्याला ते दिवसाला 1 ते 3 मिलिग्रॅम पुरते. दोन डबे एकदम चालू केले आणि दोन्हींत ते असले, तर जास्त होऊन आयाळ-शेपूट झडते, खुरांना भेगा पडतात. इलेक्ट्रोलाइटच्या (घामातून गेलेले क्षार भरून काढणाऱ्या पुडीच्या) डब्यावर पहिलेच नाव डेक्स्ट्रोज असेल तर तुम्ही साखर विकत घेताय. आपल्या दमट हवेत घोड्याचा घाम भरपूर जातो. 350 किलोच्या घोड्याला रोज 35 ग्रॅम साधे मीठ आणि सोबत मुबलक पाणी, एवढ्यावर बरेच भागते.

बऱ्याचदा तर महागडे मिश्रण लागतच नाही. रोज किलोभर गव्हाचा कोंडा घालत असाल तर त्यात फॉस्फरस सुमारे 11 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 1 ग्रॅम. हा तोल सावरायला खाद्याच्या दर्जाची चुनखडीची पूड साधारण 40 ग्रॅम पुरते. बांधकामाचा चुना मात्र चुकूनही नको. पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढेच आणा. आपल्याकडे पोती ओल धरतात आणि जीवनसत्त्वे लवकर उतरतात.

फसलात तर पोते फेकू नका. शिवणीसकट तोंड कापून ठेवा, अर्धा किलो नमुना कोरड्या बरणीत सीलबंद करा, बॅच नंबरचा फोटो आणि बिल जपा, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. आमच्याकडे बिलच नव्हते.