एकाच कंपनीचे छर्रे, पण लॉट वेगळा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीआधी घेतलेला एअर रायफलच्या छर्र्यांचा डबा फेब्रुवारीत संपत आला, म्हणून त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच ०.५३ ग्रॅमचा दुसरा डबा उघडला. रायफल तीच, माझं उभं राहणंही तेच. पण कार्डावर ठिपक्याभोवती घट्ट बसणारी भोकं एकाएकी सैलावली. महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होतो. श्वास, ट्रिगर, खांद्यावरची पकड, सगळं तपासून झालं. शेवटी कोच सरांनी डबा उलटा केला, लेबलवरच्या नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आधीच्या डब्याचा लॉट कोणता होता?" लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल, बघायचा असतो हे तोवर माझ्या मनातच आलं नव्हतं.

मी नाशिकला सहा वर्षं दहा मीटर एअर रायफल करतोय. नोकरी अंबडला, टूलरूममध्ये. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ जिंकलं. त्याची घडणीची वर्षं इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत गेली, त्यामुळे तेव्हापासून आमच्याकडे नवीन मुलं बरीच येतात. त्यांचे आईवडील पहिल्याच दिवशी विचारतात, "छर्रे कोणत्या कंपनीचे घेऊ?" हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जमलेला लॉट त्यांचा आणि न जमलेलाही त्यांचाच.

मापं आधी सांगतो. कार्डाच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दशांशात गुण धरले की केंद्रापासून दर पाव मिलिमीटरला ०.१ कमी होतो. ६० शॉटमध्ये दर शॉटमागे सरासरी ०.१ गेला तरी ६ गुण गेले. निवड चाचणीत तेवढ्यात माणूस यादीबाहेर पडतो.

जुन्या डब्यातले दीडशे छर्रे मी स्पर्धेसाठी बाजूला ठेवले होते, ते आता कामी आले. एका रविवारी सकाळी रायफल क्लॅम्पमध्ये आवळली आणि दोन्ही लॉटचे दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारले. लॉट बदलला की पहिले पंधरा-वीस शॉट मोजायचे नाहीत, बॅरल नव्या शिशाला बसायला तेवढे जातात. मग व्हर्नियरने प्रत्येक ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला. जुना लॉट: ५.६ ते ६.१ मिलिमीटर. नवा: ६.९ ते ७.८, आणि दोन ग्रुपमध्ये एकेक शॉट एकटाच बाजूला गेलेला. यातून छर्र्याचे ४.५ वजा करा, म्हणजे खरा पसारा कळतो. क्लॅम्पमध्ये माझा हात नाही, श्वास नाही. तरीही एवढा फरक!

वजनात काहीतरी सापडेल असं वाटलं. सराफ बाजारात ओळखीच्या काकांच्या दुकानात मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. गिऱ्हाईक नसताना त्यांनी दुपारभर बसू दिलं, मी दोन्ही लॉटचे बरेच छर्रे तोलले. वजनं जवळजवळ सारखी! इतके तास घालवून हाती आलं ते एवढंच, की वजनावरून निवडण्यात माझ्या बाबतीत अर्थ नव्हता.

फरक दिसला तो भिंगाखाली. छर्र्याचं डोकं बॅरलमधल्या खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर टेकून सरळ राहतं, आणि मागचा पोकळ घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, हवेच्या दाबाने फुलून बॅरल सील करतो. नव्या लॉटमध्ये काही छर्र्यांच्या स्कर्टच्या काठाला केसाएवढी बर, म्हणजे धातूची बाहेर आलेली बारीक कड, होती. नखाला जाणवायचीही नाही, पण काचेवर छर्रा घरंगळवला की एकसारखं वळण घेण्याऐवजी मध्येच उचकायचा. डायचं, म्हणजे साच्याचं, काम करणाऱ्याला हे नवं नाही. शिसं दाबून दाबून डाय झिजते, माप शंभरांश मिलिमीटरने सरकतं, कडेला बर येऊ लागते. मग डाय बदलतात आणि माप पुन्हा थोडं वेगळं येतं. काही कंपन्या ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं छापून विकतात ती उगाच नाही.

एवढ्यावर मी तो लॉट खराब ठरवून मोकळा झालो असतो. पण सरांच्या सांगण्यावरून तोच डबा क्लबमधल्या एका मुलीच्या रायफलमध्ये लावून बघितला. पाचही ग्रुप सहाच्या आत! बर होती तशीच, तिच्या बॅरलला तिचं काही वाटलंच नाही. माझा लाडका जुना लॉट मात्र तिच्याकडे साधारणच चालला. या एका सकाळने मला जे शिकवलं ते आधीच्या सहा वर्षांत कळलं नव्हतं. लॉट त्या-त्या बॅरलला जमावा लागतो, हे ५० मीटरच्या काडतुसांत इतकं मानतात की एली आणि लापुआ या काडतुसांच्या कंपन्यांनी त्यासाठी स्वतःच्या टेस्ट रेंज ठेवल्या आहेत. शूटर रायफल घेऊन जातो, लॉट मारून बघतो आणि जमेल तो उचलतो.

आम्हाला ते परवडणारं नाही. म्हणून चौघांनी वर्गणी काढून वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा मागवला आणि चारही रायफलींत मारून पाहिला. मला त्यातला एक जुन्याइतकाच चांगला मिळाला. त्याचे दहा डबे एका विक्रेत्याकडे पैसे भरून मागवले, फोनवर लॉट नंबर दोनदा सांगितला. पार्सल फोडलं तर नंबर दुसराच. "कंपनी तीच आहे ना, साहेब," एवढंच उत्तर मिळालं, परत घ्यायला नकार. ते डबे अजून पडून आहेत. ज्याच्याकडे मोजकेच पैसे असतात त्याला हा फटका फार लागतो, म्हणून कळकळीने सांगतोय: डब्याच्या लेबलचा फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, तेव्हा डबे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मुलांना छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नका.

दुसऱ्या विक्रेत्याने फोटो पाठवून माझ्या लॉटचे सहा डबे दिले. प्रत्येकावर मार्करने तारीख टाकली आहे. शेवटचा फोडायच्या आधी पुढच्या लॉटची चाचणी उरकायची, क्लॅम्प त्यासाठी क्लबच्या कपाटातच ठेवलाय.