पूर्ण लो-फ्लोअर की अंशतः? ट्राम निवडण्याआधी रूळ पाहावेत

शहरासाठी नव्या ट्राम घेताना चर्चा तळाच्या उंचीपासून सुरू होते आणि ते रास्तच आहे, कारण रुळांपासून जवळजवळ ९० सेंटीमीटर उंच तळ असलेल्या जुन्या डब्यात व्हीलचेअरवरील प्रवाशाला एकट्याने चढताच येत नाही. जिनीव्हात १९८४ साली हे चित्र बदलू लागले आणि फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या १९८७ च्या गाड्यांमध्ये दरवाजापाशी तळ सुमारे ३५ सेंटीमीटरवर आला. या दोन्ही गाड्या अंशतः लो-फ्लोअर, म्हणजे काही भागातच सखल तळाच्या होत्या. संपूर्ण सखल तळाची ट्राम १९९० साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये धावली. आजही निवड प्रामुख्याने या दोन प्रकारांतच करायची असते.

अंशतः लो-फ्लोअर गाडीत मधला, साधारण ७० टक्के भाग सखल असतो आणि टोकांकडे मोटरच्या बोगींवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटींवर, तळ उंच राहतो, त्यामुळे तिथल्या आसनांकडे जायला डब्यातच पायऱ्या चढाव्या लागतात. गर्दीच्या वेळी प्रवासी त्या पायऱ्या टाळून मध्येच दाटी करतात, ही या गाडीची खरी अडचण आहे. मात्र टोकांच्या बोगी नेहमीच्या आसाच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या), मोठ्या चाकांच्या आणि डब्याखाली स्वतंत्रपणे वळणाऱ्या असल्यामुळे जुन्या, अरुंद वळणांवर ही गाडी शांतपणे जाते.

पूर्ण लो-फ्लोअर गाडीत आत कुठेच पायरी नसते आणि दरवाजे गाडीभर विखुरलेले असल्याने चढउतार लवकर उरकते. त्याची किंमत डब्याखाली मोजावी लागते. आस डब्यातल्या चालण्याच्या मार्गिकेच्या आड येतो म्हणून अनेक रचनांत तो काढून प्रत्येक चाक स्वतंत्र बसवतात. शिवाय प्रचलित बहुखंडी रचनेत चाके आखूड खंडांना जवळजवळ घट्ट जोडलेली असतात आणि बिनचाकांचे खंड त्यांच्यामध्ये टांगलेले असतात. वळणावर बोगीऐवजी अख्खा खंड वळतो, चाकाची कड रुळाला घासते, आवाज होतो आणि दोन्हींची झीज वाढते. सीमेन्सच्या कॉम्बिनो गाड्यांचा अनुभव याबाबत बोलका आहे. वळणांवर, विशेषतः लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर, डब्याला बसणाऱ्या पिळाचा अंदाज कमी पडल्याने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला तडे जाऊ लागले आणि २००४ साली १,२०,००० किलोमीटरहून अधिक धावलेल्या गाड्या सेवेतून काढण्याची सूचना कंपनीलाच द्यावी लागली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मार्ग नव्याने बांधायचा असेल आणि वळणे सैल ठेवता येत असतील, तर पूर्ण लो-फ्लोअर गाडीच घ्यावी, पण जुन्या शहरातले अरुंद वळणांचे, झिजलेले रूळ तसेच राहणार असतील, तर अंशतः सखल गाडी कमीपणाची मानू नये. प्रागने तिसरा मार्ग निवडला. तिथल्या श्कोडा १५टी गाडीत तळ संपूर्ण सखल असूनही बोगी वळतात आणि सोळाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे. जुन्या जाळ्यासाठी हा उत्तम तोडगा आहे, मात्र रचना गुंतागुंतीची आहे.

थांब्यांचा विचार दोन्ही प्रकारांत टाळता येत नाही. रस्त्यावरून थेट चढायचे असेल, तर ३५ सेंटीमीटरची उंचीदेखील व्हीलचेअरला पार होत नाही. मेलबर्नमध्ये लो-फ्लोअर गाड्या आल्या तरी फलाट नसलेल्या थांब्यांवर ही अडचण कायम राहिली. फलाटांचा खर्च गाड्यांच्या खर्चासोबतच मंजूर व्हायला हवा.

आगाराचेही तसेच आहे. तळ खाली गेल्याने विद्युत यंत्रणा छपरावर जाते, म्हणून दुरुस्तीसाठी उंच मचाण व क्रेन लागते. निविदेत आपल्या जाळ्यातल्या सर्वांत अरुंद वळणावर भरलेली गाडी चालवून दाखवण्याची अट घालावी आणि चाके किती किलोमीटरनंतर पुन्हा तासावी लागतील, याची हमी लेखी घ्यावी.