छोट्या लेथसाठी कार्बाइड टिप निवडताना: डब्ल्यूएनएमजी, सीसीएमटी, डीसीएमटी की सीसीजीटी

घरच्या वर्कशॉपमध्ये ५५० ते ७५० वॅट मोटरचा छोटा लेथ असेल, तर पहिला इन्सर्ट होल्डर (कार्बाइडची बदलता येणारी टिप, म्हणजे इन्सर्ट, धरणारा दांडा) घेताना टिपेला धारा किती मिळतात यावरून निर्णय घेऊ नये. डब्ल्यूएनएमजीला सहा धारा असतात, सीएनएमजीला चार आणि सीसीएमटीच्या नेहमीच्या होल्डरमध्ये दोनच वापरता येतात. त्यामुळे दर धारेमागचा खर्च काढला की पहिली टिप सर्वांत स्वस्त ठरते. कारखान्यातील जड मशीनवर हा हिशेब बरोबर आहे, पण छोट्या लेथवर तो उलटा पडतो.

त्याचे कारण नावातल्या दुसऱ्या अक्षरात आहे. पहिले अक्षर टिपेचा आकार सांगते आणि दुसरे तिच्या बाजूचा उतार. ‘एन’ म्हणजे उतार शून्य अंश, ‘सी’ म्हणजे सात अंश. शून्य उताराची टिप दोन्ही बाजूंनी वापरता येते, म्हणून तिला धारा जास्त. परंतु तिची बाजू जॉबला (कापायच्या तुकड्याला) घासू नये यासाठी होल्डरमध्ये ती पुढे झुकवून बसवावी लागते. अशी टिप धातू कापण्याबरोबरच तो जोराने रेटतेही, आणि हा रेटा सहन करायला मशीनचा बेड, स्लाइड आणि स्पिंडल तितकेच भक्कम लागतात. शिवाय डब्ल्यूएनएमजी ०८०४०८ सारख्या टिपेच्या टोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर असते. तिच्याकडून चांगले काम हवे असेल, तर कट (टिप किती खोल शिरते) आणि फीड (दर फेऱ्याला ती किती सरकते) दोन्ही मोठे द्यावे लागतात. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील) मिनिटाला १०० मीटर वेग, दीड मिलिमीटर कट आणि फेऱ्याला ०.२५ मिलिमीटर फीड धरले, तर केवळ कापण्यासाठीच अंदाजे १४०० वॅट लागतात. तेवढी ताकद छोट्या लेथमध्ये नसते. त्याच वेगाला अर्धा मिलिमीटर कट आणि ०.१ फीड घेतल्यास २३० वॅटच्या आसपास काम होते, आणि या हलक्या कटासाठी बाजूला सात अंश उतार असलेली, एकाच बाजूने वापरायची टिपच योग्य आहे. दोनच धारा मिळाल्या तरी त्या खरोखर कापतात.

आता सात अंशांच्या टिपांमध्ये सीसीएमटी घ्यावी की डीसीएमटी, हा प्रश्न उरतो. सीसीएमटीचा कोपरा ८० अंशांचा असल्याने तो मजबूत असतो, आणि एससीएलसीआर या तिच्या नेहमीच्या होल्डरमध्ये बसवली की टूल न वळवता टर्निंग (व्यास कमी करणे) आणि फेसिंग (टोक सपाट करणे) दोन्ही होतात. डीसीएमटीचा कोपरा ५५ अंशांचा आहे. तो तुलनेने नाजूक आहे, पण टेलस्टॉकच्या सेंटरजवळ, खांद्याच्या आत किंवा वक्र आकारात सीसीएमटी जिथे अडते तिथे ही टिप सहज पोहोचते. पहिला होल्डर एकच घ्यायचा असेल, तर मी सीसीएमटी घेईन; सेंटरवर धरून शाफ्ट करण्याचे काम जास्त असणाऱ्याने मात्र डीसीएमटीपासून सुरुवात केली तरी ती चूक ठरणार नाही. टीसीएमटीला तीन धारा मिळतात, पण तिचा ६० अंशांचा कोपरा ना पहिलीइतका मजबूत, ना दुसरीइतका पोहोचणारा.

माझ्या मते सर्वांत जास्त फरक पडतो तो तिसऱ्या अक्षराने, म्हणजे ‘एम’ की ‘जी’ याने, आणि नेमके तेच नवशिक्याच्या नजरेतून सुटते. सीसीएमटी साच्यात दाबून आणि भाजून तयार होते. तिची धार टिकावी म्हणून किंचित गोलसर केलेली असते आणि वर कोटिंग चढवलेले असते. सीसीजीटी मात्र ग्राइंड केलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियमसाठीची सीसीजीटी तर चकचकीत पॉलिश केलेली, बिनकोटिंगची आणि बोटाला जाणवेल इतकी तीक्ष्ण असते. २५ मिलिमीटर व्यासावर मिनिटाला १०० मीटर वेग मिळवायला सुमारे १२७० आरपीएम लागतात, तर १० मिलिमीटरवर ३१८० लागतात, आणि बरेच छोटे लेथ २५०० पर्यंतच जातात. याचा अर्थ बारीक जॉबवर आपण कार्बाइडला हवा तो वेग देऊच शकत नाही. अशा वेळी बोथट धारेपुढे धातू साचून चिकटतो व पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो, तर तीक्ष्ण सीसीजीटी पाव मिलिमीटरचा कटही स्वच्छ घेते. ती अ‍ॅल्युमिनियमसाठी म्हणून विकली जात असली, तरी एमएसवर हलक्या शेवटच्या कटासाठी ती अवश्य वापरावी. मात्र एमएसची चिप ती नीट तोडत नाही. लांब दोरे निघतात, ते हाताने कधीही ओढू नयेत, आकडीनेच काढावेत. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) खरखरीत, वाळू चिकटलेल्या सालीवर ती वाया जाते, तिथे कोटिंगची सीसीएमटीच बरी.

टोकाच्या त्रिज्येबाबत ०.४ ही मधली निवड आहे. ०.१ फीडला ०.४ त्रिज्येने राहणाऱ्या खाचांची खोली हिशेबाने सुमारे ३ मायक्रॉन येते, ०.२ त्रिज्येने ६, म्हणजे ०.२ ला फिनिश कमी, पण बारीक जॉब वाकवणारा रेटाही कमी.

कार्बाइड घेतले म्हणून एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट टाकून देऊ नयेत. चौकोनी सळईसारख्या खंडित कटात, पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) आणि मनाजोगा आकार घासून घ्यायचा असेल तेव्हा एचएसएस अधिक क्षमाशील आहे. कट चालू असताना स्पिंडल थांबले, तर कार्बाइडचा कोपरा बहुधा उडतोच. आपल्याकडची जुनी माणसे ज्याला सरसकट ‘विडिया’ म्हणतात, ते ब्रेझ केलेले (टिप दांड्याला कायमची डाखलेले) टूल स्वस्त खरे, पण त्याला धार लावायला सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे किंवा डायमंडचे चाक लागते. ते चाक नसेल तर ते घेण्यात अर्थ नाही. विडिया हे नाव जर्मनीतील क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात बाजारात आणलेल्या कार्बाइडचे असून, ‘हिऱ्यासारखे’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते बनले आहे.

टिपेचे माप ०६०२०४ घ्यावे. ०९टी३०४ ही टिप मोठी आहे आणि तिचा होल्डर छोट्या टूलपोस्टला बहुधा जड होतो. ऑर्डर देण्यापूर्वी टूलपोस्टच्या खाचेच्या तळापासून लेथच्या सेंटरपर्यंतची उंची मोजून घ्यावी. १० मिलिमीटर शँकच्या (दांड्याच्या) होल्डरमध्ये टिपेचे टोक तळापासून १० मिलिमीटरवरच असते. टोकाची उंची सेंटरपेक्षा कमी पडली तर खाली पॅकिंग घालता येते, पण जास्त झाली तर शँक घासून कमी करण्याखेरीज उपाय राहत नाही, आणि अशा वेळी ८ मिलिमीटरचा होल्डरच मागवावा.