बँकांच्या बेलआउटवर पहारा: संसदेचे पॅनेल की विशेष महानिरीक्षक?

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी संकटातल्या बँकांना सरकारी पैशाने वाचवण्यासाठी (बेलआउट) ७०० अब्ज डॉलर मागितले. मसुदा जेमतेम तीन पानांचा होता आणि आपल्या निर्णयांना कोर्टातही आव्हान नको, असे त्यात चक्क लिहिले होते. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्याला तयार झाली नाही. ३ ऑक्टोबरला कायदा झाला तो देखरेखीच्या तरतुदींसकट.

त्यातले एक म्हणजे काँग्रेसच्या नेत्यांनी नेमलेले पाच जणांचे पॅनेल. एलिझाबेथ वॉरन अध्यक्ष. दरमहा अहवाल द्यायचा, सुनावण्या घ्यायच्या. पण कुणाला समन्स काढण्याचा अधिकार नाही. तरीही फेब्रुवारी २००९ मध्ये याच पॅनेलने दाखवून दिले की सरकारने २५४ अब्ज डॉलर मोजून सुमारे १७६ अब्जांचीच मालमत्ता पदरात पाडून घेतली. करदात्याच्या मनातला नेमका प्रश्न होता तो!

त्याच कायद्याने आणलेले दुसरे पद म्हणजे विशेष महानिरीक्षक. त्या पदावरच्या नील बॅरोफस्की यांच्याकडे मात्र समन्सचा अधिकार होता आणि फौजदारी तपासाची ताकदही. कलोनियल बँकेला मिळू घातलेले सुमारे ५५ कोटी डॉलर त्यांच्या कार्यालयाच्या तपासामुळे वाचले.

चोर पकडायचा तर महानिरीक्षकच हवा. पण सौदा कायदेशीर असूनही जनतेच्या तोट्याचा असेल, तर? तिथे मला पॅनेल अधिक मोलाचे वाटते. दुर्दैवाने त्याची मुदत एप्रिल २०११ मध्येच संपली. महानिरीक्षकांचे कार्यालय पुढेही कित्येक वर्षे चालले.