जुन्या लाकडी मोटरबोटीचा कारखाना: इंजिनाची पाटी, नंबर की लाकूड?

पुण्याजवळ पानशेतच्या रस्त्याला एका फार्महाउसवर पत्र्याच्या शेडखाली एक लाकडी मोटरबोट पडून आहे. अठरा-एकोणीस फूट लांब, वॉर्निश सोललेलं, आत कोंबड्यांचा संसार. मालक म्हणतो, "अमेरिकन क्रिस-क्राफ्ट आहे, साहेब, म्हणून हा भाव." पुरावा काय, तर इंजिनावर तसं लिहिलंय. भाच्याने फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, घेऊन टाकू का?"

त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो, कारण इंजिनाच्या पाटीवरून बोटीचा कारखाना ठरवायची ही चूक बहुतेक जण करतात.

इंजिनाची पाटी वाचायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी कामाची. क्रिस-क्राफ्ट स्वतःच्या बोटी बांधायची, तशी मरीन इंजिनंही विकायची, आणि ती दुसऱ्यांच्या बोटींत बसायची. इटलीत सार्निकोला बोटी बांधणाऱ्या रिव्हानेही क्रिस-क्राफ्टची इंजिनं वापरली आहेत. गंमत अशी की क्रिस-क्राफ्टच्या अनेक इंजिनांचा मूळ ब्लॉक हर्क्युलिस कंपनीचा असे. ग्रे मरीन, क्रायस्लर, पर्किन्स ही नावंही अशीच कुठल्याही बोटीत सापडतात. शिवाय जुनं पेट्रोल इंजिन दमलं की लोक डिझेल बसवतात. आपल्याकडे तर तिथे किर्लोस्कर सापडायचं, म्हणजे पाटीवर भरवसा ठेवला तर बोट किर्लोस्करांच्या खडकीत जन्मली म्हणायची! भाडेकरूच्या नावावरून वाडा कुणाचा ते ठरत नाही. पंख्यावरचं, कड्यांवरचं आणि दिव्यांवरचं नावही त्यातलंच. विल्कॉक्स-क्रिटेंडनसारख्या कंपन्यांचं पितळी सामान कित्येक बोट-कारखाने विकत घेत.

दुसरा साक्षीदार म्हणजे बोटीचा नंबर. हा सापडला तर बाकी सगळं मागे पडतं. क्रिस-क्राफ्ट नंबर थेट लाकडात ठोकायची. युद्धानंतरच्या बोटींवर मॉडेलचं अक्षर, लांबीचे फूट आणि पुढे अनुक्रम असतो. यू-२२ने सुरू होणारा नंबर म्हणजे २२ फुटी स्पोर्ट्समन. इंजिनावरच्या झाकणाची आतली बाजू आणि आतली जाड लाकडं टॉर्च तिरका धरून बघा, रंगाखालचे खड्डे उठून दिसतात. या कंपनीच्या बोटींची कार्डं अमेरिकेत व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरीनर्स म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. बोट कुठे पाठवली, इंजिन कोणतं बसवलं, हे त्यावर असतं. कार्डावरचा इंजिन नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळला, तर मात्र मी इंजिनाबद्दलचे वरचे शब्द मागे घेईन.

आणखी एक. मागच्या फळ्यावर उजव्या अंगाला १२ अक्षर-अंकांचा नंबर असेल, तर ती पद्धत अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीची झाली. क्रिस-क्राफ्टने लाकडी बोटी तोवर बंद करत आणल्या होत्या. असा नंबर दाखवून कुणी "१९५० ची आहे" म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

नंबर नसला की बोटीची बांधणी बघायची. हा माझा आवडता भाग, कारण लाकूड आणि खिळे सहसा कुणी मुद्दाम बदलून ठेवत नाही. डेक सोडून द्या, डेकला साग कुणीही वापरतो. बाजूच्या फळ्या बघा. कुठे तुटलेलं टोक असेल तर ब्लेडने साफ कापा आणि दहापट भिंगातून पाहा. सागात मोठी छिद्रं वार्षिक वलयांच्या कडेने रांगेत असतात, महोगनीत ती सगळीकडे विखुरलेली. साग खरवडला की तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधला कुणीही जुना सुतार हे भिंगाशिवाय सांगेल. अमेरिकन रनअबाउट, म्हणजे अशा छोट्या वेगवान मोटरबोटी, मुख्यतः महोगनीच्या. बाजू सागाच्या असतील तर नजर ब्रिटिश पद्धतीच्या, मुंबई-कोलकात्याकडच्या कामाकडे वळवायची. उलट मात्र खरं नाही: महोगनी इंग्रजांनीही भरपूर वापरली.

मग तळ. आत तिरप्या फळ्या, मध्ये कॅनव्हास, बाहेर लांबीला फळ्या, असा दुहेरी तळ बहुधा अमेरिकन कारखान्याची खूण. तांब्याचे खिळे आतून चकतीवर ठोकून चपटे केलेले असतील तर हात बहुधा ब्रिटिश परंपरेतला. फळ्यांचे सांधेच नाहीत, सगळं एका सालीसारखं, तर इंग्लंडच्या फेअरी मरीनची आठवण ठेवा. ते पातळ पापुद्रे साच्यावर उष्णतेने चिकटवत.

सगळ्यात स्वस्त परीक्षा आट्यांची. बोहरी आळीत पिच गेज (आटे मोजायची पाती) घ्या आणि नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, किंवा शाफ्टच्या ब्रॅकेटचा अर्धा इंची बोल्ट तपासा. अमेरिकन जाड आट्याला इंचात १३, ब्रिटिश व्हिटवर्थला १२. पाव इंचीवर हे करू नका, तिथे दोघांचेही २० आटे. मिलिमीटरचे आटे निघाले तर इटलीचा विचार करा. एकच बोल्ट बघून ठरवायचं नाही, कुणीतरी कधीतरी बदललेला असतो, चार-पाच बघा.

आता पैशाचं. नावासाठी जादा भाव मागत असेल, तर नंबराशिवाय एक रुपया वर देऊ नये. बांधणीवरून घराणं कळतं, कारखान्याचं नाव क्वचितच. आणि बोट फक्त पाण्यावर फिरवायची असेल, तर नाव विसरा. कणा आणि मागच्या फळ्याचा खालचा कोपरा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पातं रुतलं तर क्रिस-क्राफ्ट असो नाहीतर आणखी काही, खर्च तोच.

रविवारी भाच्याचा फोन आला. पाच बोल्टपैकी चार बारा आट्यांचे, बाजूच्या फळ्या सागाच्या, आत तांब्याच्या चकत्या. इंजिन मात्र खरोखरच क्रिस-क्राफ्टचं. त्याने मालकाला इंजिनाचा भाव वेगळा आणि बोटीचा वेगळा सांगायला लावलंय.